दगडाचा राजवाडा जळला कसा? महालच्या पायी फेरीबद्दल

नागपूर बघायला आलेल्या पाहुण्याला आपण दीक्षाभूमी दाखवतो, फुटाळ्यावर नेतो, वेळ उरला तर झिरो माइलला थांबतो. महालात, म्हणजे जुन्या नागपूरच्या मध्यवस्तीत, कोणी नेत नाही. गाडी लावायला जागा मिळत नाही ही अडचण आहेच, पण महालात नेमकं काय बघायचं हेच आपल्यातल्या बहुतेकांना सांगता येत नाही, ही त्याहून मोठी अडचण आहे. हिवाळ्यात रविवारी सकाळी निघणारी ही मार्गदर्शकासोबतची फेरी त्यासाठीच आहे. काही वास्तुविशारद आणि इतिहासाचे अभ्यासक मिळून ती चालवतात. गांधीसागरच्या काठावर पावणेसातला जमायचं, सव्वादहाला केळीबाग रस्त्यावर सुटायचं. मध्ये पाच थांबे, चाल जेमतेम अडीच किलोमीटर.

मत आधीच सांगून टाकतो: जावं. पहिले दोन थांबे चांगले आहेत, तिसरा घाईत उरकतात, आणि चौथा-पाचवा असे आहेत की ज्यांच्या घरी जुना वाडा आहे, वाटणीत अडकलेला असो की भाडेकरूंनी भरलेला, त्यांनी एवढ्यासाठी तरी यावं.

सुरुवात तलावावर होते. गांधीसागरचं जुनं नाव जुम्मा तलाव, आणि समोरच्या गांधी गेटचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून लोकांच्या तोंडी शुक्रवारी तलाव. एकाच वाराची ही तीन नावं. नंतर तलाव आणि दरवाजा दोन्हींना गांधीजींचं नाव मिळालं, पण रिक्षावाला आजही शुक्रवारी तलाव म्हटलं की लगेच निघतो. इतवारी, बुधवारी, शनिवारी, मंगळवारी ही सगळी नावं वारावर भरणाऱ्या बाजारांची आहेत. जुनं नागपूर आठवड्यावर आखलेलं होतं असं म्हटलं तरी चालेल, आणि मार्गदर्शक इथूनच सुरुवात करतात हे फार बरं करतात. सनावळीने सुरुवात केली असती तर अर्धे लोक पहिल्या दहा मिनिटांत मोबाइलमध्ये गेले असते.

सनावळी नंतर येते आणि ती नीट येते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या काठची राजापूर बारसा नावाने ओळखली जाणारी बारा खेडी एकत्र करून शहर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी देवगडहून इथे आणली, शहराभोवती कोट घातला आणि हा तलाव बांधला. १७३९ मध्ये चांद सुलतान गेला, गादीवरून भांडण झालं, त्याच्या राणीने मराठा सरदार रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. १७४३ पासून खरी सत्ता भोसल्यांची झाली. पण रघुजींनी गोंड राजाला हटवलं नाही. बुरहान शाहाला मान आणि तनखा देऊन त्याच्याच किल्ल्यात राहू दिलं. म्हणून महालात आजही राजवाडा वेगळा आणि किल्ला वेगळा असा उल्लेख ऐकू येतो. किल्ला गोंडांचा, राजवाडा भोसल्यांचा. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की महालच्या गल्ल्या उलगडायला लागतात.

तलावाबद्दल एक गोष्ट मात्र सांगायची राहते. तो शोभेसाठी नव्हता. कोटाच्या आतल्या वस्तीला पाणी पुरवणं आणि भोवतालच्या विहिरींची पातळी धरून ठेवणं हे त्याचं काम होतं. याच तलावाजवळ १ जानेवारी १८७७ ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. ज्या पाण्याने गोंडांची राजधानी जगवली, त्याच पाण्याशेजारी शहराचं गिरणीयुग सुरू झालं. हे दाखवायला काठावर दोन मिनिटं पुरतात. आयोजकांनी ती द्यावीत.

दुसरा थांबा जुम्मा दरवाजा. दगडी, कमानदार, आणि आज चारी बाजूंनी वाहनांनी घेरलेला. सकाळी सात-सव्वासातपर्यंत इथे उभं राहता येतं, आठनंतर नाही. दरवाजा शहराच्या पश्चिम अंगाला आहे, त्यामुळे त्याची बाहेरची बाजू सकाळी सावलीत असते. फोटो काढायचे असतील तर पुन्हा एकदा दुपारी चारनंतर यावं लागेल, सकाळच्या फेरीत ते जमणार नाही. इथली मुख्य गोष्ट १८१७ ची. २६ आणि २७ नोव्हेंबरला भोसले आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली हे शाळेत शिकवतात. पुढचं शिकवत नाहीत. राजे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या हाती आले तरी शहरातली अरब पलटण हटली नाही. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला केला आणि तो फसला. वर्ष संपता संपता बोलणी होऊन अरबांनी शहर सोडलं. लढाई हरलेल्या राज्याची राजधानी तिच्या एका दरवाजाने महिनाभर धरून ठेवली होती, आणि त्या दरवाजाखालून आपण रोज हॉर्न वाजवत जातो. मार्गदर्शक हा भाग उत्तम सांगतात. हल्ला कुठून आला असेल आणि आतली गल्ली वळणाची का ठेवतात हे ते जागेवर उभं करून दाखवतात.

तिसरा थांबा म्हणजे राजवाड्याचा परिसर आणि नगारखाना. भोसल्यांचा मोठा राजवाडा काळ्या बेसॉल्टचा होता, त्यावर लाकडी नक्षीकाम होतं. १८६४ मध्ये तो जळाला आणि त्यातला मोठा दरवाजाच काय तो उरला. रघुजी तिसरे डिसेंबर १८५३ मध्ये वारस न ठेवता गेले, गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं, आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षांत राजवाडाही गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झालं, पण कारभार सिव्हिल लाइन्सला गेला. १८६७ मध्ये रेल्वे आली ती सीताबर्डीच्या बाजूला. महालच्या हातून गाव निसटलं ते या पंधरा वर्षांत. १८६४ हेच नागपूर नगरपालिकेचं स्थापनावर्ष आहे हे लक्षात घेतलं की तो बदल आणखी ठळक होतो: एकाच साली राजवाडा राख झाला आणि नगरपालिका उभी राहिली.

इथे फेरीतल्या एका मुलाने विचारलेला प्रश्न लाखमोलाचा होता: दगडाचा राजवाडा जळतो कसा? त्याला उत्तर मिळालं, ‘आत लाकूड होतं ना.’ उत्तर बरोबर आहे, पण त्याच प्रश्नावर पुढचे दोन्ही थांबे उभे आहेत. मार्गदर्शकांनी तो मुद्दाम हवेत ठेवून पुढे न्यायला हवा होता. त्याऐवजी ते भुयारांच्या गोष्टीकडे वळले. महालातून सीताबर्डीपर्यंत भुयार आहे, घोडेस्वार जात असे, वगैरे. ही कथा नागपुरात घरोघरी आहे. तिला पुरावा न देता फेरीत सांगणं चुकीचं आहे, कारण जिथे वाड्याची तळघरं खरोखर आहेत तिथे लोक तळघर बघत नाहीत, भुयाराचं तोंड शोधत बसतात.

गोंड किल्ल्यासाठी जेमतेम पाच मिनिटं मिळतात. या फेरीतली सगळ्यात मोठी उणीव हीच. वाहत्या रस्त्यावरून बोट दाखवायचं आणि पुढे निघायचं, एवढंच होतं. ज्या घराण्याने शहर वसवलं त्याच्या वास्तूला पाच मिनिटं आणि राजवाड्याला पंचवीस, हे प्रमाण बदलायला हवं.

आता वाडा. ज्या वाड्यात नेतात तो खाजगी आहे, लोक राहतात, म्हणून त्याचं नाव इथे देत नाही. महालात चिटणवीसांच्या वाड्यासारखे प्रसिद्ध वाडे आहेत, पण अशा फेरीला लहान, राहता वाडा निवडला हे योग्य झालं. मोठ्या वाड्यात डोळे दिपतात, लहान वाड्यात बांधकाम कळतं.

बाहेरचा दरवाजा सागवानी, दोन फळ्यांचा, आणि त्यात कापलेली दिंडी. वाकून आत जावं लागतं. वाकलेला माणूस तलवार चालवू शकत नाही हे सगळेच सांगतात. मार्गदर्शकांनी त्यापुढे जाऊन अडसर दाखवला. दरवाजामागच्या भिंतीत चौकोनी भोक असतं, ते दीड-दोन हात खोल जातं. रात्री अडसराचं लाकूड त्यातून ओढून पलीकडच्या भिंतीच्या खाचेत टेकवायचं, दिवसा परत भिंतीत ढकलायचं. म्हणजे भिंत किमान तेवढी जाड हवी. दरवाजाच्या सुरक्षेवरून भिंतीची जाडी ठरते, असं क्वचितच कोणी समजावून सांगतं. आत देवडी (पहारेकऱ्यांची जागा), मग पहिला चौक, मग ओसरी, आणि तिच्यामागे माजघर आणि देवघर. दुसरा चौक घरच्या बायकांचा: आड, मोरी, तुळस.

मुख्य धडा ओसरीच्या खांबाशी. खाली घडीव बेसॉल्टचं जोतं, अडीच-तीन फुटांचं. जोत्यावर दगडी तळखडा, म्हणजे खांबाची बैठक. तळखड्यावर सागवानी खांब, सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा. खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे पसरलेले हस्त (आधाराचे लाकडी हात), हस्तांवर तुळई (जाड आडवं लाकूड), तुळईवर कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं छत) आणि त्यावर मातीचा थर. खांबांमधल्या महिरपी कमानी, खाली लोंबणारी केळफुलं हे सगळं दागिन्यासारखं आहे, त्यावर भार नाही. आणि भिंती? त्या पातळ विटांच्या, चुन्यात किंवा मातीत रचलेल्या. त्यातल्या बऱ्याच भिंती नुसता आडोसा आहेत. घर उभं आहे ते लाकडी सांगाड्यावर.

म्हणून दगडाचा राजवाडा जळतो. भिंत आगीला कितीही पुरून उरो, मजले, जिने, छप्पर आणि ते सगळं पेलणारे खांब लाकडाचेच. आग लागली की आतलं सगळं खाली येतं आणि बाहेरची दगडी चौकट तेवढी उभी राहते. राजवाड्याचा मोठा दरवाजा मागे उरला तो अशानेच.

याच सांगाड्यामुळे वाडा कसा मोडतो हेही कळतं. भिंत कोसळली तर घर लगेच पडत नाही. एका खांबाचा तळ कुजला तर वरचा अख्खा खण (दोन खांबांमधला भाग) बसतो. आणि लाकूड कुजायला सुरुवात बहुतेक वेळा दोन जागी होते: तळखड्याजवळ, जिथे पाणी साचतं, आणि तुळईची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे, कारण तिथे हवा नाही. मार्गदर्शकांनी बोटाच्या पेराने तुळई ठोकत ठोकत भिंतीपर्यंत नेली. मधोमध टणक आवाज, भिंतीजवळ पोकळ. आत उधळी, म्हणजे वाळवी, लागलेली. बाहेरून रंग शाबूत, आत भुसा. घरी वाडा असलेल्यांनी हे आजच करून बघावं. जाड दाभण घेऊन भिंतीलगत टोचायचं. अर्धा इंच सहज शिरलं तर त्या टोकाखाली टेकू देऊन मगच पुढचं ठरवायचं.

वरच्या मजल्यावर एका वेळी पाच जणांहून जास्त नेत नाहीत आणि सगळ्यांना भिंतीच्या कडेने चालवतात. काहींना हा जाच वाटला. तसं नाही. कडीपाटाच्या मधोमध वाक सर्वात जास्त येतो, आणि पंचवीस माणसं एका खणात उभी राहून फोटो काढणं हे त्या कड्यांनी कधी पाहिलेलं नाही.

छप्पर कवेलूंचं, म्हणजे मातीच्या कौलांचं आहे, उतार चौकाकडे. पावसाचं सगळं पाणी चौकात येतं आणि मोरीतून बाहेर जातं, म्हणून चौकातल्या फरशीला दिसेल न दिसेल असा ढाळ असतो. कोणीतरी चौकात नव्या टाइल्स सपाट बसवल्या की पहिल्याच पावसाळ्यात पाणी ओसरीच्या खांबांकडे वळतं. कवेलू दरवर्षी पावसाआधी फेरावे लागतात. फुटलेले बदलायचे, सरकलेले नीट करायचे, खालची माती आणि पालापाचोळा काढायचा. फेरणारे कारागीर आता कमी राहिलेत, म्हणून लोक टिनाचे पत्रे टाकतात. पत्र्याखाली मे महिन्यात वरच्या मजल्यावर पाय ठेववत नाही. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते, पत्र्याखाली ती कोंडते. ज्या शहरात पारा ४५ अंशांच्या वर जातो तिथे हा फरक आरामापुरता उरत नाही. तळघर याच उन्हाळ्यासाठी असे. भिंतीतली बळदं धान्यासाठी. बळदाला वरून भरायचं तोंड आणि खालून काढायची छोटी खिडकी असते, हे दाखवलं की लहान मुलं तिथून हलत नाहीत.

एक आक्षेप. मार्गदर्शक दोनदा ‘पेशवाई शैली’ म्हणाले. नागपूरचे भोसले पेशव्यांशी भांडत, तडजोडी करत, आपला कारभार स्वतंत्रपणे चालवत होते. १७५१ नंतर ओडिशावर त्यांचा अंमल होता. सुरूचे खांब आणि केळफुलं पुण्यातही दिसतात हे खरं, पण नागपूरच्या हाताशी गोंडवनाचं सागवान होतं, कामठीकडचा वालुकाश्म होता आणि पायाखाली बेसॉल्ट होता. इथल्या वाड्यातलं लाकूड जाड आहे ते याच जंगलामुळे. पुण्याच्या मोजपट्टीने मोजलं की हेच नेमकं दिसत नाही. मंदिरांबाबतही तेच. महालातल्या रुक्मिणी मंदिराचं दगडी काम बघायला फेरीतून वाट जरा वाकडी केली तर दहा मिनिटांत ते होण्यासारखं आहे, आणि वाड्यातल्या लाकडानंतर लगेच दगडातली नक्षी बघितली की एकाच काळातले दोन हात शेजारी ठेवता येतात.

चौथ्या आणि पाचव्या थांब्याच्या मध्ये केळीबाग रस्ता लागतो. रुंदीकरणात काही घरांचे दर्शनी भाग कापले गेलेत. ते बघवत नाही, पण डोळसपणे बघितलं तर वास्तुशास्त्राच्या पुस्तकात नसलेलं चित्र आहे ते: वाड्याचा उभा छेद. विटेचे थर, त्यामधला चुना, भिंतीत दडलेलं लाकूड, कोनाड्यांची मागची बाजू, गिलाव्यावर गिलावा असे रंगांचे पाच-सहा पदर. मार्गदर्शक इथे थांबतात आणि कोणता थर कधीचा असावा हे विटेच्या जाडीवरून ओळखायला सांगतात. पातळ वीट जुनी, जाड वीट नंतरची, सिमेंटची रेघ अलीकडची.

पाचवा थांबा दुरुस्ती चाललेल्या वाड्याचा. इथे चुन्याचं काम प्रत्यक्ष बघायला मिळतं आणि हात घालायलाही देतात. कळीचा चुना पाण्यात विरवून किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवलेला असतो. तेवढा वेळ न देता वापरला तर न विरलेले कण नंतर भिंतीत विरतात, फुगतात आणि गिलाव्यावर फोडांसारखे खड्डे पडतात. मिश्रण एक भाग चुना, एक भाग सुरखी, दीड भाग धुतलेली रेती. सुरखी म्हणजे विटेची पूड, पण फार भाजलेल्या, काळपट पडलेल्या विटेची नको. जेमतेम भाजलेल्या विटेची सुरखी चुन्याशी धरते, ओल असतानाही घट्ट होते. हिरड्याचं, गुळाचं आणि बेलफळाचं पाणी थोडं थोडं. गूळ जास्त झाला की मुंग्या लागतात आणि गिलावा उशिरा धरतो.

गिलावा एका वेळी १० ते १२ मिलिमीटरचाच, दोन हातांत. पहिला हात खरखरीत सोडायचा. त्यानंतरचं काम बहुतेक ठिकाणी फसतं: गोणपाट टांगून किमान दहा ते चौदा दिवस ओल टिकवणं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होत जातो, आणि त्याला त्या काळात ओल लागते. एप्रिल-मे महिन्यात, नागपूरच्या लूमध्ये गिलावा केला तर तो दोन दिवसांत वाळतो आणि बोट फिरवलं की पीठ हाताला लागतं. मग गवंडी चुन्याला नावं ठेवतो. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करायचं.

सिमेंट का नको, हे इथे नुसतं सांगत नाहीत, दाखवतात. एकाच भिंतीवर खालच्या तीन फुटांना काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केलेला आहे, ओल दिसू नये म्हणून. जुन्या भिंतींना ओल अडवणारा थर नसतो, जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतंच. चुन्याच्या गिलाव्यातून ते हवेत उडून जायचं. सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून ओल आता आणखी वर चढून, सिमेंटच्या वरच्या कडेशी बाहेर पडली आहे. सोबत क्षार आलेत. लोणा लागून विटांचे पापुद्रे सुटतायत. आणि सिमेंटमागे भिंतीत असलेला खांब तळापासून काळा पडलाय. सिमेंटचा तुकडा काढला तेव्हा तो आतून ओला होता. ही एक भिंत बघायला मिळते, एवढ्यासाठी फेरीचं शुल्क द्यावं.

खांबाची दुरुस्तीही चालू होती. दोन्हीकडून जॅक लावून तुळई जेमतेम उचलायची, काही मिलिमीटरच, नाहीतर वरचा गिलावा आणि शेजारचे सांधे तडकतात. कुजलेला भाग पक्कं लाकूड लागेपर्यंत कापायचा. नवा, पुरेसा सुकलेला सागवानी तुकडा तिरप्या सांध्याने जोडायचा, सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या किमान दुप्पट, आणि बोल्ट किंवा लाकडी खुंट्यांनी आवळायचा. तळखडा साफ करून खांब त्यावर कोरडाच टेकवायचा. पायाभोवती काँक्रीटचा कठडा ओतायची खोड सगळ्यात वाईट. काँक्रीट आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत पाणी उतरतं, बाहेर पडत नाही, आणि नवा तुकडाही थोड्या वर्षांत जातो. वर ऑइल पेंट मारू नये. जवसाचं उकळलेलं तेल द्यावं, पहिला हात टर्पेंटाइनमध्ये निम्मंनिम्म. जवस विदर्भातच पिकतं, हे मुद्दाम सांगायला हवं.

एक गोष्ट मार्गदर्शकांनी सांगितली नाही: वास्तू वारसा यादीत असेल तर दुरुस्तीला हात घालण्याआधी हेरिटेज संवर्धन समितीची परवानगी लागते. काम सुरू करून मग कागद शोधणाऱ्यांचं काम मध्येच थांबतं, आणि उघडी पडलेली भिंत पावसाळ्यात सापडते.

आता सोयी-गैरसोयी. पंधरा जणांची मर्यादा सांगितलेली असते, प्रत्यक्षात सत्तावीस होते. बोळात सत्तावीस माणसं मावत नाहीत. शेवटच्या आठ-दहा जणांना अर्धं ऐकू येत नाही, आणि कंबरेला लावलेल्या ध्वनिक्षेपकामुळे रविवारी सकाळी झोपलेल्या घरांच्या खिडक्या उघडतात. मर्यादा पाळली तर ध्वनिक्षेपकाची गरजच पडणार नाही. नाव नोंदवताना किती जण झाले ते विचारा, वीसच्या वर असतील तर पुढचा रविवार घ्या.

स्वच्छतागृह वाटेत एकही धड नाही. साडेतीन तासांच्या फेरीत ही क्षुल्लक बाब नाही, विशेषतः बायका आणि वयस्क माणसांसाठी. निघण्याआधी हे उघड सांगायला हवं, किंवा वाड्याच्या मालकांशी बोलून सोय करायला हवी. पायात बंद, पण सहज काढता येतील असे बूट हवेत. वाड्यात आणि मंदिरात काढावे लागतात, आणि गल्लीत नाल्या उघड्या आहेत. जिने उंच पायऱ्यांचे आणि अंधारे, गुडघे दुखत असतील तर वरचा मजला सोडा, नुकसान फारसं नाही. लहान टॉर्च न्या, कोनाडे आणि तुळईची टोकं मोबाइलच्या उजेडात नीट दिसत नाहीत. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं मुख्यालय महालातच आहे, तिथे बंदोबस्त कडक असतो. त्या बाजूला कॅमेरा आत ठेवा. माणसं राहतात त्या घरांत विचारल्याशिवाय फोटो नको, हे वेगळं सांगायला नको.

गाडी आणू नका. मेट्रोच्या ॲक्वा मार्गावर चितार ओळी किंवा अग्रसेन चौकात उतरून पायी पंधरा-वीस मिनिटांत महालात येता येतं, फक्त रविवारी पहिली गाडी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी बघा. चितार ओळीत उतरलात तर मूर्तिकारांची गल्ली तशीच बघून होते. दुचाकी असेल तर तलावाच्या बाजूला लावा, आत घालू नका.

फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावी. पावसाळ्यात आयोजक ती बंद ठेवतात ते बरोबर आहे. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला, जुन्या शहरात स्वतःहून या. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात, आणि काळ्या मारबतीशी लोक बांकाबाईंचं नाव जोडतात. रघुजी दुसऱ्यांच्या या राणीला लोकस्मृतीने काय जागा दिली ते त्या दिवशी रस्त्यावर कळतं. त्यासाठी मार्गदर्शक लागत नाही.

संपल्यावर तर्री पोहे (वर तिखट रस्सा घातलेले पोहे) खायला थांबतात, त्याचे पैसे वेगळे. साडेदहानंतर तर्री आटते आणि नुसतं तिखट उरतं, तेव्हा शेवटच्या थांब्यावर फोटोसाठी रेंगाळू नका. आयोजक आता शुक्रवारी भागातलं काशीबाई मंदिर आणि भोसल्यांच्या छत्र्या यांची वेगळी फेरी सुरू करायच्या विचारात आहेत. ती जरूर करावी, पण त्याआधी याच फेरीत गोंड किल्ल्याला त्याची वीस मिनिटं द्यावीत.